कातडीखालचा माग

आप्पा खासबागच्या रविवारच्या बाजारातून परत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. 1990 चा श्रावण. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं आधी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"अवो, एक चप्पल कुठं सोडून आलासा?"

आप्पांनी खाली बघितलं, आणि ते आमच्याइतकेच चकित झाले. "दोन्ही हुत्या की," एवढंच म्हणाले. धाकटा भाऊ सायकल काढून उलट्या वाटेनं गेला. चप्पल बाजाराच्या तोंडाशीच चिखलात रुतलेली मिळाली. म्हणजे खासबागपासून वडगावातल्या आमच्या दारापर्यंतची सगळी वाट, खडी, डबकी, फुटकी फरशी, आप्पांनी एका अनवाणी पायानं काढली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

गल्लीत आठ-दहा दिवस ही गंमत पुरली. मीही हसले. तेव्हा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि जगातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला कळतात अशी माझी समजूत होती. पायातून चप्पल निसटावी आणि माणसाला कळू नये, ही मधुमेहाची जुनी, डॉक्टरांना पाठ असलेली खूण आहे, हे कळायला मला आणखी एक वर्ष लागलं. तेही आप्पांच्या पायाच्या बोटाची किंमत मोजून.

आप्पांचं आयुष्य खड्डामागावर गेलं. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा बेळगावातला विणकरांचा पट्टा. आता यंत्रमागांचा खडखडाट आहे. तेव्हा हातमाग होते आणि शहापुरी लुगड्याला दूरवर मागणी होती. माणूस कमरेपर्यंत खड्ड्यात, हात धोट्यावर, पाय खालच्या पट्ट्यांवर. कुठली पट्टी कधी दाबायची, किती दाबायची, हे सगळं पायांना पाठ. चाळीस वर्षांत आप्पांनी काम करताना खाली बघितलेलं मला आठवत नाही. ते पाय त्यांच्या हातांइतकेच शहाणे होते.

पुढच्या उन्हाळ्यात चपलेचा एक खिळा तळव्यातून वर आला. दोन दिवस ते तसेच हिंडले. आईला फरशीवर डाग दिसले तेव्हा आम्हाला कळलं. ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरांनी पाय हातात घेतला, घोट्याजवळची नाडी बघितली आणि म्हणाले, "पाय छान गरम आहे. नाडी जोरात लागतेय. रक्तपुरवठा उत्तम. भरून येईल." आम्हीही हात लावून बघितला होता. पाय खरंच गरम होता. गुलाबी होता. वरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. जखम मात्र भरेना. दीड महिन्यात करंगळीशेजारचं बोट काळं पडलं. मग बेळगावकर पूर्वापार जिथं जातात तिथं, मिरजेला नेलं. तिथं बोट काढलं.

माझ्या डोक्यात एक प्रश्न तेव्हापासून अडकून बसला: पाय गरम, नाडी जोरात, मग जखमेला रक्त का मिळालं नाही?

उत्तर मिळायला तीस वर्षं लागली. ते पुण्यात मिळालं, एका प्रयोगशाळेत, माझ्याच उघड्या पायावर पडलेल्या लेसरच्या ठिपक्यातून. ती प्रयोगशाळा माझ्या भाचीची. भाची म्हणजे त्याच सायकलवाल्या भावाची मुलगी. मला शुगर होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. "आत्या, तुझा पाय मला दे तासाभरासाठी," असं तिनं फोनवर सांगितलं. असली मागणी नाकारता येत नाही.

शुगर मला झाली याचं घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, पण आप्पांच्या वेळी सगळ्यांना वाटलं होतं. कारण आप्पा काटकुळे. लठ्ठ शेठजींचा रोग विणकराला कसा? याचा उलगडा पुढे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून झाला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात 10 कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यात सगळ्यांत वरचा नंबर आमच्या शेजारच्या गोव्याचा, 26.4 टक्के. चोर्ला घाट उतरला की दर चार मोठ्या माणसांत एक, असं म्हणायला हरकत नाही.

तर, कातडीखाली काय चालतं ते आधी बघू.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. लुगड्याच्या काठाला आप्पा जे रेशीम वापरत, त्यातला कोशातून निघणारा एकेरी तंतू 10 ते 15 मायक्रॉन जाड असतो. केशवाहिनी त्याहूनही बारीक, पाच ते दहा मायक्रॉन. तिच्यातून जाणारी तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. म्हणजे पुष्कळ ठिकाणी पेशीला अंग चोरून, दुमडून, एकामागे एक अशा रांगेतच जावं लागतं. कॉलेजात असताना बेडकाच्या पायाच्या बोटांमधला पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली धरून आम्हाला हे दाखवलं होतं. पुढे जाणाऱ्या, अडखळणाऱ्या, वळणावर थबकणाऱ्या त्या पेशी बघताना माझ्या शेजारची मैत्रीण पुटपुटली, "एसटीच्या दारातली गर्दी." 1661 मध्ये इटलीत मार्चेल्लो मालपिगी यानं बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पहिल्यांदा पाहिल्या. रक्त अंगभर फिरतं हे सांगणारा विल्यम हार्वी त्याआधी चारच वर्षं वारला होता. रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कसं, हा आपल्याच सिद्धान्तातला दुवा त्याला बघायला मिळाला नाही.

शरीराच्या दृष्टीनं सगळा खरा व्यवहार इथंच होतो. मोठ्या रक्तवाहिन्या नुसत्या वाहतुकीच्या. प्राणवायू उतरतो, साखर उतरते, जखमेवर काम करणाऱ्या पेशी बाहेर पडतात, ते या केसाहून बारीक नळ्यांमधून. डोळ्यांचा डॉक्टर पडद्यावरच्या बारीक वाहिन्या थेट बघू शकतो. बाकी शरीरात त्या झाकलेल्या. त्यातल्या त्यात जवळच्या म्हणजे कातडीतल्या.

आता आप्पांच्या गरम पायाचं कोडं. तळहात, तळपाय आणि बोटांच्या कातडीत दोन प्रकारच्या वाटा असतात. वरच्या थरात केशवाहिन्यांची वेटोळी, ती कातडीला जेवू घालतात. थोडं खाली थेट जोडवाटा असतात. त्यांच्यातून रक्त केशवाहिन्यांत न शिरताच रोहिणीतून सरळ नीलेत जातं. या जोडवाटा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. एरवी नसा त्यांचे दरवाजे आवळून धरतात, गरज पडली की सैल सोडतात. मधुमेहानं याच बारीक नसा खराब होतात. मग दरवाजे उघडेच राहतात.

वडगावच्या शिवारात भात करणाऱ्या कुणालाही हे एका वाक्यात कळेल. पाटाला पाणी धो धो आहे, पण मधेच बांध फुटलाय आणि पाणी सरळ बळ्ळारी नाल्याला चाललंय. पाटाच्या तोंडाशी उभा असलेला म्हणेल, यंदा पाणी उत्तम. वाफ्यात जाऊन बघा, रोपं वाळलेली.

दवाखान्यात हात लागला होता तो पाटाला. वाफ्यापर्यंत कुणाचा हात पोचलाच नव्हता. आणि पोचणार तरी कसा? घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची नेहमीची रीतही मधुमेहात फसवते, कारण धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. डॉक्टरांना मी दोष देत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण आज मला ठाऊक आहे की त्यांच्या हाताशी वाफा बघायचं साधन नव्हतं.

ते साधन म्हणजे प्रकाश.

लहानपणी लाइट गेल्यावर बॅटरीवर पंजा ठेवून बोटं लाल केलेली आठवतात? हिरवा-निळा प्रकाश रक्त पिऊन टाकतं. लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मांसातून बराच आत जाऊन परत येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त किंचित वाढतं आणि बाहेर येणारा प्रकाश किंचित मंदावतो. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अॅलरिक हर्ट्झमन यानं या कमी-जास्त होण्यावर कातडीतल्या रक्ताचा अभ्यास सुरू केला. 1974 च्या सुमारास जपानच्या ताकुओ आओयागी यानं दोन रंगांचा प्रकाश वापरून त्यातूनच रक्तातला प्राणवायू मोजायची युक्ती काढली. ती आपण सगळ्यांनी कोरोनात बोटाला लावली. आमच्या गल्लीत एकच ऑक्सिमीटर दारोदार फिरत होता. एका काकूंच्या गार बोटावर तो आकडाच दाखवेना, आणि काकू स्वतःला संपल्या समजून रडायला लागल्या. गरम पाण्यात बोट बुडवल्यावर अठ्ठ्याण्णव आला. बोटाच्या टोकाशी रक्त येतंय की नाही, हे त्या यंत्रानं आकडा न देऊनच सांगितलं होतं.

भाचीच्या प्रयोगशाळेतलं यंत्र वेगळं. त्याला लेसर डॉप्लर म्हणतात. डॉप्लर परिणाम शिकवताना सगळे मास्तर रेल्वेच्या शिटीचं उदाहरण देतात, मीही इतकी वर्षं तेच दिलं: गाडी जवळ येते तेव्हा सूर चढा, लांब जाते तेव्हा उतरता. प्रकाशाचंही तसंच. हलणाऱ्या तांबड्या पेशीवर आपटून परत आलेल्या प्रकाशाचा 'सूर' किंचित बदलतो. पण किंचित म्हणजे किती? अवरक्त लेसरची कंपनं सेकंदाला 38 वर तेरा शून्यं इतकी. केशवाहिनीतली पेशी सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी सरकते. त्यामुळे पडणारा फरक फार तर काही हजार कंपनांचा. एवढ्या मोठ्या आकड्यातला एवढासा फरक मोजायचा कसा?

इथं मला मिरजेचा तंबोरा आठवला. जोडाच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुऱ्या जुळल्या नाहीत, की आवाजात हेलकावे येतात. तारांची स्वतःची कंपनं कानाला मोजता येत नाहीत, पण हेलकावा सहज ऐकू येतो, आणि तो म्हणजेच दोन तारांतला फरक. यंत्रही हेच करतं. स्थिर मांसावरून परतलेला प्रकाश ही एक तार, हलत्या पेशींवरून परतलेला ही दुसरी. दोन्ही एकाच संवेदकावर पडतात आणि हेलकावे घेतात. हेलकावे जलद म्हणजे पेशी जलद, हेलकावे जोरकस म्हणजे पेशी जास्त. 1972 मध्ये रीवा, रॉस आणि बेनेडेक यांनी सशाच्या डोळ्यातल्या वाहिन्यांवर हे करून दाखवलं. 1975 मध्ये मायकेल स्टर्न यानं माणसाच्या कातडीवर. सुई नाही, थेंबभर रक्त नाही. कातडीच्या वरच्या मिलिमीटरभर जाडीतलं चलनवलन पडद्यावर.

पुण्यात मला सकाळपासून चहा दिला नव्हता. वीस-पंचवीस मिनिटं एकाच तापमानाच्या खोलीत नुसतं आडवं पडायचं. थंडी वाजली, चहा घेतला, कुणाशी भांडलात, तरी कातडीतल्या वाहिन्या आवळतात-सैलावतात. तंबाखू तर नकोच. निकोटिननं या वाहिन्या चटकन आवळतात. मला आप्पांची निपाणीची तंबाखू आठवली. तळहातावर चुना मळून दिवसातून कितीदा, याचा हिशेब नव्हता.

भाचीनं आधी यंत्राचं टोक एका छोट्या कुपीत बुडवलं. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी. ते आपोआप थरथरत असतात, आणि त्या थरथरीवरून यंत्राचा काटा जुळवायचा. मग एक चिकट कडं माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला बसवलं. "आत्या, आता हलू नकोस. बोलूही नकोस." दुसरी सूचना पाळायला जड गेली.

पडद्यावर रेघ उमटली. हृदयाचे ठोके ओळखता आले. श्वासाचा मंद चढउतारही. पण त्याखाली आणखी संथ लाटा होत्या, मिनिटाला पाच-सहा, आणि त्याहूनही संथ, मिनिट-दीड मिनिटात एक. त्यांचा हृदयाशी संबंध नाही. बारीक वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आपल्या मनानं आवळतात-सैलावतात, त्याची ही लय. सगळ्यांत संथ लाट भिंतीच्या आतल्या अस्तराची. मधुमेहात नसा बिघडल्या की या लाटा फिक्या पडतात. आमच्या गल्लीत यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर रस्त्यावरून जाता जाता आवाजावरून सांगतात, तिसऱ्या घरातला माग बिघडणार. खटखट तीच असते, ताल सुटलेला असतो. तो ताल मी इथं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला, तोही माझ्याच पायाचा.

मी विचारलं, "आकडा किती आला?" भाची म्हणाली, त्याला अर्थ नाही. मला वाटलं वाईट बातमी लपवते आहे. पण ती खरंच सांगत होती. या यंत्राचा आकडा मिलिलिटरमध्ये नसतो, त्याचं एकक यंत्रापुरतं. टोक दोन मिलिमीटर सरकवलं तर आकडा बदलतो, कारण खाली कुठं वेटोळी दाट, कुठं विरळ. स्वस्थ बसलेल्या मधुमेह्याच्या कातडीतला प्रवाह पुष्कळदा निरोगी माणसाइतकाच भरतो. फरक पडतो तो कातडीला काही तरी मागितल्यावर.

आप्पा म्हणत, बंद मागावर माग कळत नाही. नवा माग बघायला बोलावलं की ते आधी चार हात विणून बघत, मग बोलत.

म्हणून कातडीला प्रश्न विचारतात. एक रीत म्हणजे पट्टा आवळून काही मिनिटं रक्त अडवायचं आणि सोडून द्यायचं. तरतरीत वाहिन्या भुकेल्यागत रक्त ओढून घेतात. दुसरी रीत उष्णतेची, आणि मला ती जास्त आवडली. कडं हळूहळू तापवतात, 42 ते 44 अंशांपर्यंत, भाजणार नाही इतपतच. निरोगी कातडीत प्रवाह कितीतरी पट चढतो, हातावर पुष्कळदा दहापटीच्या घरात. पण तो एका दमात चढत नाही. पहिल्या काही मिनिटांत एक उंचवटा येतो, मग थोडा उतार, मग सावकाश दुसरी चढण, आणि अर्ध्या तासाच्या आत पठार. पहिला उंचवटा नसांचा: कातडीतली बारीक नस उष्णता ओळखते आणि मेंदूला न विचारता तिथल्या तिथं वाहिन्यांना उघडायला लावते. दुसरी चढण अस्तराची: ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि स्नायू सैलावतात. या वायूच्या या कामाच्या शोधाला 1998 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे एकाच रेघेत दोन कारागिरांची हजेरी लागते, आणि कोण गैरहजर आहे तेही दिसतं.

माझ्या हातावर दोन्ही उंचवटे आले. पावलावर दुसरी चढण ठीक होती. पहिला उंचवटा नावापुरता. भाची काही बोलली नाही. मी विणकराची मुलगी, रेघ वाचता येते मला. पायातली चप्पल अजून कळते, टोचलेलं कळतं. पण सर्वांत बारीक नसांनी काम कमी केलं आहे. "एका मोजणीवरून काही ठरवायचं नसतं," असं ती नंतर चारदा म्हणाली. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे.

एकाच ठिपक्यावर मोजण्याची अडचण दूर करायला दुसरी एक रीत आहे. लेसरचा प्रकाश भिंतीवर पाडला तर तिथं वाळू सांडल्यासारखे चकचकीत कण दिसतात. कातडीवरही दिसतात. खाली रक्त हलत असेल तर ते कण थरथरतात, आणि कॅमेऱ्यानं क्षणभर टिपले तर पुसट होतात. चालत्या मागाचा फोटो काढला की धोटा पुसट येतो, तसेच. जिथं पुसट तिथं प्रवाह. 1981 मध्ये फेर्शर आणि ब्रायर्स यांनी ही कल्पना मांडली. तिच्यानं अख्ख्या पावलाचा नकाशा एका झटक्यात मिळतो: कुठं ओल, कुठं कोरड. मला वाटतं, दवाखान्यात पहिल्यांदा येईल तर हेच येईल. आणखीही रीती आहेत, पांढऱ्या प्रकाशाचे रंग सुटे करून कातडीतला प्राणवायू बघण्याची, नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून केशवाहिन्या मोजण्याची. त्यांत शिरत नाही.

मग हे सगळं बेळगावच्या, निपाणीच्या, मिरजेच्या दवाखान्यात का नाही? महाग आहे, हे एक. पण मोठं कारण ते आकड्यांचं चंचलपण. आज मोजलं आणि आठवड्यानं मोजलं तर फरक रोगाचा की थंडीचा, हे सांगणं कठीण. शेकडो लोकांच्या गटाची सरासरी काढून संशोधकाला जे बोलता येतं, ते समोर बसलेल्या एका माणसाला डॉक्टरनं छातीठोकपणे सांगावं इतकं भक्कम अजून नाही. शिवाय कातडीचा रंग. कातडीतलं काळं द्रव्यही प्रकाश खातं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटरकडून प्राणवायूची छुपी कमतरता सुटण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आहे. यंत्र गोऱ्या कातडीवर जुळवायचं आणि शेतात राबलेल्या सावळ्या पायावर लावायचं, यात धोका आहेच. लेसर डॉप्लरचा अवरक्त प्रकाश या बाबतीत पुष्कळ बरा, पण जुळवणी आपल्या लोकांवर झाली पाहिजे.

म्हणूनच शिबिरांत बोटाला चिमटा लावून दोन मिनिटांत 'तुमच्या रक्तवाहिन्यांचं वय' छापून देणाऱ्यांपासून मी लांब राहते. कागद रंगीत असतो. प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, मग उत्तर कुठून येणार?

या विषयातला मला सर्वांत आवडलेला माणूस इंग्लंडमधल्या इप्सविच गावचा डॉक्टर आहे, गेरी रेमन. 1986 मध्ये, म्हणजे आप्पांची चप्पल हरवण्याआधी चार वर्षं, त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेसर डॉप्लरनं दाखवलं की टाइप 1 मधुमेह्यांच्या कातडीला किरकोळ इजा झाली तर रक्त धावून येण्याची क्रिया मंदावलेली असते. 2004 मध्ये त्यानं कृष्णन यांच्याबरोबर पावलाची कातडी तापवून भोवती पसरणारी लाली लेसरनं मोजली; इतर तपासण्या चोख येत असतानाही ती लाली मधुमेह्यांत आक्रसलेली निघाली. इतकी वर्षं लेसरशी झटलेल्या या माणसानं 2011 मध्ये आणखी एक तपासणी जाहीर केली. तिला यंत्रच लागत नाही. ती बोटानं करायची. पुढे घरच्या माणसांनी घरीच ती करून बघितली, तेव्हाही ती कामाची ठरली.

ती अशी. शुगरवाल्या माणसानं मोजे काढून आडवं पडायचं, डोळे मिटायचे. दुसऱ्यानं आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद, सेकंद-दोन सेकंद टेकवायचं. आधी उजवा अंगठा, मग उजवी करंगळी. नंतर डावा अंगठा, डावी करंगळी. शेवटी दोन्हीकडचं मधलं बोट. कळलं की त्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. दाबायचं नाही, ठोकायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. नाही कळलं तर त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. हा नियम घरात कुणी पाळत नाही, सगळ्यांना दुसरी संधी द्यायची असते. सहापैकी दोन किंवा जास्त बोटं कळली नाहीत, तर पायाची जाण गेली आहे असं धरून डॉक्टरांना पाय दाखवायचा. यात वाफ्यातलं पाणी दिसत नाही हे खरं. पण वाफ्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या नसा आणि ही जाण देणाऱ्या नसा एकाच रोगानं, बऱ्याचदा बरोबरच मरतात.

मी ही तपासणी आता दर महिन्याला करते. वडगावात शुगरवाल्यांना तोटा नाही. आषाढात मंगाई देवीच्या जत्रेआधी तर मुद्दाम, कारण त्या दिवसांत लोक चिखलातून, तापल्या डांबरावरून अनवाणी जातात आणि सांगून ऐकत नाहीत. शेजारच्या भात लावणाऱ्या मावशींची सहाच्या सहा बोटं शाबूत निघाली, तेव्हा त्यांनी मला चहा पाजला, बिनसाखरेचा.

मागच्या रविवारी भावाचे पाय बघितले. तोच, 1990 मध्ये सायकल काढून आप्पांची चप्पल शोधायला गेलेला. आता तोही साठीला आला. शुगर आहे आणि तो ती मानत नाही. डोळे मिटून पडल्या पडल्या तो थट्टा करत होता. सहापैकी चार बोटं कळली. डावी करंगळी आणि डावं मधलं बोट, दोन्ही वेळा तो "आता लाव की," म्हणत राहिला. माझं बोट तिथंच होतं.

सोमवारी सकाळी मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले.